ड्रिल नंतर घ्या, आधी कॉक शोधा

लोकलमध्ये उभे असाल, बसमध्ये असाल किंवा भांडी घासता घासता ऐकत असाल, स्वागत आहे. आजचा भाग घरातल्या छोट्या दुरुस्तीबद्दल. हा विषय घेणार म्हटल्याबरोबर पहिला प्रश्न काय आला असेल? "ताई, ड्रिल मशीन कुठलं घेऊ?"

घ्याल हो. पण आज नको. आधी मला एक सांगा. तुम्ही राहता त्या घराचं पाणी कुठून बंद होतं? बेसिनचा नळ नाही म्हणत मी. अख्ख्या घराचं पाणी. माहितीये? आणि लाइट? सगळं घर एका झटक्यात बंद करायचं तर कुठला खटका पाडायचा?

बहुतेकांना माहीत नसतं. आपण शिक्षणासाठी, नोकरीसाठी पुण्या-मुंबईत येतो, अकरा महिन्यांच्या करारावर फ्लॅट घेतो, वायफायचा पासवर्ड पहिल्या तासात पाठ करतो. कॉक कुठे आहे हे मात्र कोणी विचारत नाही.

माझ्या एका मैत्रिणीच्या फ्लॅटवरची गोष्ट सांगते. तिघी मिळून राहायच्या. रविवारची दुपार. बेसिनखाली ती जाळीच्या वेष्टणाची लवचीक पाइप असते ना, दुकानात जिला कनेक्शन पाइप म्हणतात, ती फुटली. फुटली म्हणजे टपटप नाही, फवाराच. एकीनं पाइप हातानं दाबून धरली, दुसरी बादल्या भरतेय, तिसरी प्लंबरला फोन लावतेय. प्लंबर जेवायला बसलेला. पाणी हॉलमध्ये, हॉलमधून बेडरूममध्ये, गादी जमिनीवर, गादीशेजारी लॅपटॉप चार्जिंगला. शेवटी वॉचमनकाका गच्चीवर जाऊन अख्ख्या विंगचं पाणी बंद करून आले. आणि जिथून फवारा येत होता ना, त्याच्या बरोबर खाली, वीतभर अंतरावर भिंतीत अँगल कॉक होता. चार वेळा फिरवला असता तर विषय संपला असता. तिघींपैकी एकीलाही ते काय आहे हे माहीत नव्हतं. त्यांना कोणी दाखवलंच नव्हतं.

म्हणून हत्यारांच्या आधी हे. बेसिनखाली, कमोडच्या बाजूला, गीझरखाली, वॉशिंग मशीनच्या मागे बघा. भिंतीतून निघालेला छोटा नळासारखा तुकडा असतो आणि त्याच्यावर मूठ असते, तो अँगल कॉक. तो फक्त तेवढ्या जागेचं पाणी बंद करतो. मग बाथरूमच्या भिंतीत एखादी गोल मूठ असते, तिच्यातून पाणी कधीच येत नाही, त्यामुळे ती कशाला आहे हा प्रश्न पडतो. तो बहुतेक वेळा त्या बाथरूमचा मुख्य कॉक असतो. आणि अख्ख्या फ्लॅटचा व्हॉल्व्ह डक्टमध्ये, बाथरूमच्या माळ्यावर किंवा गच्चीत टाकीपाशी. सापडला नाही तर सोसायटीच्या प्लंबरला किंवा वॉचमनला विचारा, ते दोन मिनिटांत दाखवतात. फोनवर फोटो काढा आणि घरातल्या ग्रुपवर टाका, "पाणी इथून बंद होतं" असं लिहून. दांडीवाला व्हॉल्व्ह असेल तर ओळख सोपी. दांडी पाइपच्या रेषेत म्हणजे चालू, आडवी म्हणजे बंद.

एक सांभाळा. वर्षानुवर्षं न फिरवलेला कॉक क्षारांनी जाम झालेला असतो. त्याला पान्यानं पिळू नका, मूठ हातात येईल. हातानं थोडा इकडे, थोडा तिकडे. नाहीच फिरला तर प्लंबरला बोलवायचं काम आजच करा, पाइप फुटेल त्या दिवशी नको.

आता लाइट. दाराच्या मागे किंवा पॅसेजमध्ये एक डबा असतो, त्यात ओळीनं खटके. ते एमसीबी. कुठला खटका कशाचा हे डब्यावर क्वचितच लिहिलेलं असतं. सुट्टीच्या दिवशी एकेक पाडा, घरात काय बंद झालं ते बघा, आणि पांढऱ्या चिकटपट्टीवर पेननं लिहून खाली चिकटवा. हॉल. किचन. गीझर. एसी. वीस मिनिटांचं काम आहे, आणि घरदुरुस्तीचं तुमचं पहिलं काम हेच धरा.

त्याच डब्यात बाकीच्यांपेक्षा रुंद असा एक खटका असेल आणि त्याच्यावर 'टी' किंवा 'टेस्ट' लिहिलेलं छोटं बटण असेल. तो आरसीसीबी. काही जण ईएलसीबी म्हणतात. हा खरा जीव वाचवणारा. एमसीबीचं काम वायर वाचवणं. समजा सोळा अँपिअरचा एमसीबी आहे. तुमच्या अंगातून अगदी पाव अँपिअर करंट गेला तरी माणूस मरू शकतो, पण सोळा अँपिअरच्या एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही, त्याच्या हिशेबात तो किरकोळ वापर. आरसीसीबी वेगळं बघतो. गेला तेवढा करंट परत आला का? नाही आला, म्हणजे कुठेतरी गळतोय, कदाचित माणसातून. घरगुती आरसीसीबी साधारण ३० मिलिअँपिअरचा असतो, म्हणजे अँपिअरच्या शंभर भागांपैकी फक्त तीन. तेवढा गळला की खटका पडतो.

तुमच्या डब्यात तो नसेल तर घरमालकाला सांगा. भांडून नाही, पण लेखी, व्हॉट्सॲपवर सांगा. बाथरूममध्ये गीझर आहे, आरसीसीबी बसवून द्या. यात लाजायचं काही नाही.

आणि कोणी इलेक्ट्रिशियन म्हणाला, "एमसीबी सारखा पडतोय, मोठा टाकून देतो", तर थांबवा त्याला. एमसीबी मागच्या वायरीच्या जाडीप्रमाणे बसवलेला असतो. वायर तीच ठेवून सोळाच्या जागी बत्तीसचा टाकला की खटका पडायचा थांबतो आणि वायर भिंतीत तापायला लागते. पडणारा एमसीबी तक्रार करतोय, त्याचं तोंड बंद करायचं नसतं.

हॉस्टेलवाल्यांनो, आता तुमच्याकडे वळते. साधा सॉकेट सहा अँपिअरचा. आपल्याकडचं व्होल्टेज २३०. सहा गुणिले २३०, १३८० वॅट. एवढंच त्याचं बळ. पाणी तापवायचा रॉड १५०० वॅटचा, इंडक्शन शेगडी २००० वॅटची. तुम्ही ती कन्व्हर्टर लावून, एक्स्टेन्शन बोर्डवर, पलंगाखाली चालवता. प्लग हाताला गरम लागतो ना? तिथून प्लास्टिक वितळायला सुरुवात होते. जाड पिनांच्या प्लगची वस्तू मोठ्या, सोळा अँपिअरच्या सॉकेटलाच.

आता व्हिडिओंचं बोलू, कारण आपण सगळे तिथूनच शिकतो. मीही शिकते. पण व्हिडिओ कुठल्या देशातला आहे ते आधी बघा. अमेरिकन माणूस भिंतीवर एक यंत्र फिरवतो, आतला लाकडी खांब शोधतो आणि त्यात स्क्रू मारतो. त्यांच्या बऱ्याच घरांच्या भिंती लाकडी सांगाड्यावर जिप्सम बोर्ड ठोकलेल्या असतात. आपल्या भिंती विटांच्या, सिमेंटच्या. ते यंत्र मागवून पैसे घालवू नका.

हे पैशांचं झालं. दुसरं जिवावरचं आहे. तिकडे घरातल्या वायरिंगमध्ये काळी वायर म्हणजे जिवंत, फेज. आपल्याकडे काळी म्हणजे न्यूट्रल, आणि फेज लाल, पिवळी किंवा निळी. हिरवी अर्थिंगची. म्हणजे व्हिडिओ बघून रंगावर भरवसा ठेवला तर गणित बरोबर उलटं होतं. आणि आपल्याकडेही जुन्या घरात वायरमनच्या हाताला जो रंग लागला तो त्यानं टाकलेला असू शकतो. रंग बघून हात लावायचाच नाही. टेस्टर लावायचा.

टेस्टरचीही एक पद्धत असते. चालू असलेल्या सॉकेटमध्ये आधी लावून बघा, दिवा पेटतो का. मग जिथे काम करायचं तिथे लावा. मग परत चालू सॉकेटमध्ये. तीन वेळा का? कारण टेस्टरच बिघडलेला असेल तर तो सगळीकडे "बंद आहे" असंच सांगणार. शिवाय लाकडी स्टुलावर उभं राहून, भर उन्हात बघितलं तर त्याचा बारीक दिवा दिसतही नाही.

बरं. आता पिशवी भरू. पेटी नाही, कापडी पिशवीच. टेस्टर. एक चपटा आणि एक फुलीचा स्क्रूड्रायव्हर, मूठ जाड असलेला. इन्सुलेटेड पक्कड. आठ इंची सरकता पाना, तो एकच पाना घरातले बहुतेक नट खोलतो. हातोडी, फार जड नको. मेजर टेप. टेफ्लॉन टेपचं रीळ, ते वीस-पंचवीस रुपयांत मिळतं. इन्सुलेशन टेप. एम-सीलचं छोटं पाकीट. जुना टूथब्रश. झालं. पुण्यात असाल तर रविवार पेठेतली बोहरी आळी, मुंबईत नागदेवी स्ट्रीट, एक चक्कर मारून तर या, पाय निघत नाही. पण यातलं सगळं कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानातही मिळतं. एकशे आठ तुकड्यांचा तो चकचकीत ऑनलाइन सेट घेऊ नका, त्यातल्या नव्वद तुकड्यांना तुम्ही कधी हात लावणार नाही आणि स्क्रूड्रायव्हरचं टोक पहिल्याच घट्ट स्क्रूला झिजेल.

दुकानात मुलींना एक अनुभव हमखास येतो. काउंटरवरचे काका विचारतात, "घरात कोणी माणूस नाही का? कोणी पाठवलं?" मी हसते आणि जुना तुकडा काउंटरवर ठेवते. "काका, याच्यासारखंच द्या." पुढच्या मिनिटाला काका कामाचं बोलायला लागतात, आणि खरं सांगते, मला निम्मं ज्ञान अशाच काउंटरवर मिळालंय. नाव माहीत नसेल तर अडून राहायचं नाही, खराब झालेली वस्तूच घेऊन जायची. काढण्याआधी प्रत्येक टप्प्यावर फोटो काढायचा, जोडताना मागून पुढे बघत यायचं. फोन हे तुमच्या पिशवीतलं सगळ्यात महागडं हत्यार आहे, वापरा.

पहिलं काम कुठलं करू? नळाच्या तोंडाची जाळी. पाणी बारीक येतंय, तिरकं उडतंय, तर नव्वद टक्के... बरं, टक्के सोडा, पण पहिला संशय जाळीवर. विशेषतः बोअरचं किंवा टँकरचं पाणी असेल तर. जाळी हातानं फिरवून निघते, नाही निघाली तर फडकं गुंडाळून पक्कड लावा, फडक्यामुळे चकाकीवर ओरखडे पडत नाहीत. काढा, वाटीत व्हिनेगर घालून रात्रभर बुडवून ठेवा, सकाळी टूथब्रशनं घासा. पांढरे क्षार सुटून येतात. शॉवरच्या तोंडालाही हेच. सगळं सुटं असल्यामुळे यात बिघडायला काही नाहीच.

मग गळका नळ. सेकंदाला एक थेंब गळतोय असं धरा. दिवसात ८६,४०० सेकंद. साधारण वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला तर चार लिटरच्या वर होतात, आणि नळाचा थेंब त्याहून मोठाच असतो. खोटं वाटत असेल तर रात्री खाली पातेलं ठेवा. टँकरचे पैसे भरणाऱ्या सोसायटीत राहता ना? मग.

नळ दोन जातींचे. जो बंद करायला तीन-चार वेळा फिरवावा लागतो, तो जुन्या पद्धतीचा. त्याच्या आत स्पिंडल असतो आणि स्पिंडलच्या टोकाला रबराचा वॉशर. दुकानात 'वायसर' म्हणा, लगेच कळेल. हा वायसर झिजला की नळ गळतो, आपण जास्त जोरानं पिळतो, पिळल्यानं तो अजून कापला जातो. अर्धा इंची नळाचा वायसर काही रुपयांना येतो. अँगल कॉक किंवा मुख्य कॉक बंद करा, नळ उघडून उरलेलं पाणी जाऊ द्या, आणि खालच्या जाळीवर फडकं टाका. हे फडकं विसरू नका, स्क्रू एकदा त्या भोकातून गेला की गेला. मुठीवरची टोपी स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं हळूच उचला, आतला स्क्रू काढा, मूठ काढा, मग खालचा नट पान्यानं डावीकडे फिरवा. स्पिंडल बाहेर. टोकाचा वायसर बदला, उलट्या क्रमानं जोडा.

दुसरी जात पाव फेऱ्यात बंद होणारी. त्यात वायसर नसतो, आत सिरॅमिकच्या दोन चकत्या असलेलं कार्ट्रिज असतं. ते पूर्ण बदलायचं. कंपनीप्रमाणे माप बदलतं, त्यामुळे जुनं बरोबर नेल्याशिवाय जाऊ नका.

आणि टेफ्लॉन टेप. सगळे गुंडाळतात, पण दिशा चुकवतात. आटे तुमच्या तोंडाकडे धरा आणि घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं गुंडाळा, ताणून. म्हणजे नळ बसवताना टेप आट्यात आवळत जाते. उलटी गुंडाळली की बसवताना सुटून बाहेर येते आणि मग लोक म्हणतात टेपच खराब.

आता या, तुमच्या ड्रिलवर. भाड्याचं घर असेल आणि वर्षात चार भोकं पाडायची असतील तर विकत घेऊ नका, मागून आणा किंवा भाड्यानं. मशीनपेक्षा भिंत ओळखणं महत्त्वाचं. आधी हे बघा की स्विचबोर्ड कुठे आहे. त्याच्या सरळ वर, सरळ खाली आणि आडव्या रेषेत भोक पाडायचं नाही, आतून वायरीची पाइप गेलेली असते. नळाच्या वरही नाही. मग गॉगल घाला, थांबत थांबत पाडा आणि पडणारा भुगा बघा. लाल भुगा, म्हणजे वीट. हॅमर मोडवर, काँक्रीटचा बिट, काम सोपं. करडा भुगा आणि बिट पुढे जायला तयार नाही, म्हणजे खांब किंवा तुळई लागली, जागा बदला. पांढरट, मऊ, लोण्यासारखं भोक पडतंय, म्हणजे हलक्या ब्लॉकची भिंत, ज्याला बरेच जण सिपोरेक्स म्हणतात. तिथे हॅमर बंद करा, आणि साधी छोटी गिट्टी धरणार नाही, त्या ब्लॉकसाठी वेगळी लांब गिट्टी मागा.

गिट्टी सहाची तर बिटही सहाचा. किती खोल जायचं तिथे बिटवर टेप गुंडाळून खूण करा. भोकातला भुगा साफ करा, भुगा राहिला की गिट्टी फिरत राहते. फ्रेम सरळ आहे का ते फोनवरच्या लेव्हलनं बघता येतं. नाहीतर गवंड्याचा ओळंबा घरीच करा, दोऱ्याला एक नट बांधून भिंतीवर सोडा, त्याला चार्जिंग लागत नाही.

भिंतीला भोकच नको असेल तर चिकटणारे हुक. टाइल्सवर छान बसतात, टाइल पुसून पूर्ण वाळवा आणि चिकटवल्यावर दिवसभर काही लटकवू नका. रंगाच्या भिंतीवर मात्र हुक रंगाला चिकटतो, भिंतीला नाही. एक दिवस पोपड्यासकट हातात येतो, आणि तो पोपडा डिपॉझिटमधून वजा होतो.

डिपॉझिटवरून आठवलं. भोक पाडण्याआधी मालकांना मेसेज करा. "काका, हॉलमध्ये दोन भोकं पाडू का, सोडताना बुजवून देईन." हो आलं की स्क्रीनशॉट ठेवा. घरात राहायला गेलात त्या दिवशीच सगळ्या भिंतींचे, नळांचे फोटो काढून मालकांना पाठवून ठेवा. करारात दुरुस्ती कोणाकडे हे लिहिलेलं असतं, ती ओळ वाचा. सोडून जाताना भोकात पुट्टी भरा, वाळली की सँडपेपर मारा.

मी कशाला हात लावत नाही तेही सांगते. भिंतीतली वायरिंग, गीझरच्या आतलं काहीही, छतावरचा पंखा, गॅसची नळी जोडणं याला नाही. वायरिंगचं काम परवाना असलेल्या माणसाकडूनच करून घ्यायचं असतं. आणि भिंतीला ओल आली असेल तर पुट्टी-रंगाच्या नादी लागू नका. पाणी वरच्या फ्लॅटमधून येतंय की बाहेरच्या भिंतीतून, हे सापडेपर्यंत तुमची मेहनत पुढच्या पावसाळ्यात पोपडे होऊन गादीवर पडणार. ते मालक आणि सोसायटीचं काम आहे, मागे लागून करून घ्या.

तर आज रात्रीपुरतं एकच काम देते. त्या डब्यापाशी जा आणि आरसीसीबीचं टेस्टचं बटण दाबा. दाबलं की खटका पडून घरातली लाइट गेली पाहिजे. गेली तर तो जागा आहे, खटका परत वर करा. नाही गेली तर उद्या सकाळी इलेक्ट्रिशियनला फोन. दर दोन-तीन महिन्यांनी एकदा हे करत जा. फक्त बटण दाबायच्या आधी कॉम्प्युटर बंद करा, आणि घरात ओरडून सांगा, नाहीतर बाथरूममध्ये डोक्याला शाम्पू लावून कोणीतरी अंधारात उभं असेल आणि शिव्या मला पडतील.

कोणाच्या फ्लॅटमध्ये कॉक कुठे सापडला ते कळवा. पुढच्या भागात भोकं बुजवणं आणि रंग. चला, भेटू!